लॉगशीटवरचे 38 अंश

नैसर्गिक वायूतलं पाणी काढणाऱ्या ग्लायकॉल युनिटचा हिशोब मी एरवी संगणकावर करतो. पण एप्रिलमधल्या त्या दिवशी आर्वीजवळच्या आमच्या गावात लाइन सकाळपासूनच गेलेली आणि लॅपटॉपने मान टाकलेली. भर दुपारी आसामातल्या एका गॅस प्लांटवरून फोन आला. पलीकडचा शिफ्ट इंजिनियर आपल्या दारव्ह्याकडचा पोरगा.

"भाऊ, गॅस ओलाच जाऊन राह्यला. अनालायझर 260 दाखवते. ग्लायकॉल वाढवून पाह्यलं, रिबॉयलर फुल आहे, काहीच फरक नाही."

अशा युनिटात ग्लायकॉल हे द्रव काँटॅक्टर नावाच्या उभ्या टाकीत गॅसमधलं पाणी शोषतं; मग रिबॉयलरमध्ये ते पाणी उकळून काढलं, की तेच ग्लायकॉल परत फिरतं. अनालायझरचे 260 म्हणजे घनमीटरला 260 मिलिग्रॅम पाणी; करारातली मर्यादा 112ची. ती ओलांडून गॅस पुढे गेला, की पाइपात हायड्रेट धरायची भीती. दाब असला की हे बर्फासारखे खडे शून्याच्या वरही जमतात आणि लाइन बुजते. तिथल्या साहेबांनी ग्लायकॉलच खराब ठरवून सगळा माल बदलायची तयारी चालवली होती.

पोराने लॉगशीटचा फोटो पाठवला. दाब 70 बार, रोजचा गॅस 20 लाख घनमीटर, आत येणाऱ्या गॅसचं तापमान 38 अंश. ग्लायकॉलचा सामू 7.4, म्हणजे मालात खोट दिसत नव्हती. मी वही आणि पाण्याच्या प्रमाणाचा जुना छापील आलेख काढून ओट्यावर बसलो.

या दाबाला 38 अंशांचा, पाण्याने संपृक्त गॅस घनमीटरमागे जेमतेम 1 ग्रॅम पाणी धरतो. किलोभर पाण्यामागे 25 लिटर ग्लायकॉल धरलं तर ताशी 1800 लिटर पुरे; तो 2400 फिरवत होता. रिबॉयलर 204 अंशांना असला की ग्लायकॉल 98.7 टक्क्यांच्या आसपास शुद्ध होऊन परततं. त्याहून वर न्यायची सोय नाही, कारण हे ग्लायकॉल (ट्रायइथिलीन ग्लायकॉल) 206च्या पुढे तुटायला लागतं. इथे रिबॉयलर 196 वर घसरलेला. तेही धरलं, तरी बाहेर पडणाऱ्या गॅसमधल्या पाण्याचं माझं उत्तर 150 मिलिग्रॅमच्या पुढे सरकेना.

मग हिशोब उलटा लावला. गॅस जितका गरम, तितका ग्लायकॉलला गाठता येणारा दवबिंदूही (ज्या तापमानाला गॅसमधलं पाणी जमायला लागतं तो) वर चढतो, म्हणजे गॅस ओलाच राहतो. तिथे नुसतं ग्लायकॉल वाढवून भागत नाही. 260 यायला गॅस आत किती गरम यायला हवा? 49च्या आसपास.

"38 कुठून लिहिलं रे?"

"तापमानाचा ट्रान्समीटर बंद आहे भाऊ. आधीच्या शीटवरूनच उतरवून राह्यलो आम्ही."

"काँटॅक्टरच्या तोंडाशी जाऊन मोजून पाह्य."

थोड्या वेळाने फोन आला तेव्हा तो धापा टाकत होता. "48 आहे भाऊ!"

इतक्या गरम गॅसमध्ये घनमीटरमागे 1.7 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. म्हणजे ताशी 70 किलोऐवजी 130 किलो पाणी उकळून काढायचं. त्यात हे ग्लायकॉल वाढवत गेले, तसतसा रिबॉयलरवर भार पडून तापमान उतरलं आणि ग्लायकॉल आणखीच ओलं परतायला लागलं. अशा वेळी पहिला संशय ग्लायकॉलवर घेतात, याचा मला मनापासून राग येतो. माल महाग, आणि दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो.

गॅस गरम का, ते त्याच्या पुढच्या फोटोत दिसलं. प्लांटच्या कुंपणाला लागून काटेसावरीची झाडं, आणि बोंडं फुटायचे दिवस. गॅस थंड करणाऱ्या कूलरच्या पंख्यांनी ओढलेला कापूस नळ्यांच्या पात्यांत गच्च बसून खालून गादी अंथरल्यासारखा थर झाला होता. वारा वर जायला जागाच नव्हती.

"हे तर आपल्याकडची सावर आहे भाऊ," तो म्हणाला.

त्यांनी एकेक पंखा बंद करून वरून कमी दाबाच्या पाण्याने पाती धुतली. संध्याकाळपर्यंत गॅस 41 अंशांवर आला. ग्लायकॉल पुन्हा 1900 वर आणायला लावलं, रिबॉयलर 203 पर्यंत चढला, आणि ग्लायकॉलमधलं उरलंसुरलं पाणी काढायला थोडा स्ट्रिपिंग गॅस सोडला. सकाळी अनालायझरवर 108 होते.

ग्लायकॉलची ऑर्डर थांबली. नवा ट्रान्समीटर येईपर्यंत काँटॅक्टरपाशी साधा थर्मामीटर लावून दर तासाला आकडा लिहायचं ठरलं, आणि पहिल्या रात्रीच्या शीटचा फोटो पोराने मला न मागता पाठवला.