ताम्पेरेवर आठ दिवस

फिनलंडात हेलसिंकीहून गाडी सुटली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि जानेवारीतला तो उजेड तेवढ्यातच विझायला लागला होता. दीड-पावणेदोन तासांचा प्रवास. खिडकीबाहेर बर्फ, पाइन आणि भूर्जाची झाडं, मध्येच एखादं लाल लाकडी घर. ताम्पेरेला मावसबहीण न्यायला आली होती, सोबत सहा वर्षांची भाची.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काय गं, कुठे राहता तुम्ही?"

"आम्ही ना मामा, ताम्पेरेवर राहतो. आधी हेलसिंकीत राहायचो."

"ताम्पेरेत म्हण गं," बहीण म्हणाली. "शाळेतून येते आणि असलं मराठी बोलते बघ."

मला मात्र ते वाक्य इतकं आवडलं की घरी पोचून बूट काढायच्या आधीच मी वही काढली. भाचीने फिनिशची विभक्ती जशीच्या तशी मराठीला लावली होती. फिनिशमध्ये हेलसिंकीच्या 'आत' राहतात, हेल्सिंगिस्सा, आणि ताम्पेरेच्या 'वर', ताम्पेरेएल्ला. तुर्कु 'आत', म्हणजे तुरुस्सा. उत्तरेचं रोवानिएमी 'वर'. नावाच्या शेवटी नदी, धबधबा, भूशिर अशा अर्थाचा शब्द असेल तर बहुधा 'वर', पण नेम नाही. देशांचंही तसंच: भारतात म्हणजे इन्तियास्सा, पण रशियाला 'वर'चा प्रत्यय लागतो, वेनॅयॅल्ला. कुठल्या गावाला कुठला प्रत्यय याची नोंद कोतुस ही तिथली भाषासंस्था ठेवते, आणि स्थानिक लोक जे रूप वापरतात त्याला मान असतो. गावाच्या नावाचं व्याकरण त्या गावाच्या तोंडून ठरावं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

फिनिशमध्ये १५ विभक्ती मानतात, त्यातल्या ६ स्थळाच्या. तीन आतल्या: तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून, तालोओन घराच्या आत (जाताना). तीन बाहेरच्या: छपरावर कातोल्ला, छपरावरून कातोल्ता, छपरावर (चढताना) कातोल्ले. आपल्या 'त'ला हा फरक करावा लागत नाही. 'डबा पिशवीत आहे' आणि 'डबा पिशवीत ठेव', दोन्हीकडे 'पिशवीत'च. फिनिश माणसाला मात्र दर वेळी सांगावं लागतं की वस्तू स्थिर आहे, निघाली आहे की पोचते आहे.

मराठी माणसाला या भाषेत परकं वाटत नाही, याचं एक कारण सामान्यरूप. ठाण्याचं 'ठाण्यात' होतं, घोड्याला प्रत्यय लागण्याआधी तो 'घोड्या' होतो. तसंच हेलसिंकीचं हेल्सिंगि होतं, तुर्कुमधला क गळून पडतो. आणि 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे तर आपलंच वाक्य! तिथे 'माझ्यावर पुस्तक आहे' म्हणतात, मिनुल्ला. 'माझ्याकडून' म्हणजे मिनुल्ता, 'मला' म्हणजे मिनुल्ले. छपराला लागलेले तेच तीन प्रत्यय.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मफलर सापडेना. गाडीतच राहिला असणार, असं मी धरून चाललो. बहिणीने लगेच हरवलेल्या वस्तूंचा ऑनलाइन अर्ज उघडला आणि लिहिता लिहिता मला समजावून सांगितलं की फिनिशमध्ये वस्तू 'गाडीत' विसरत नाहीत, गाडीच्या 'आतमध्ये जाईल अशी' विसरतात: युनान, युनास्सा नाही. मागे राहण्यालाही तिथे दिशा असते! आपण निघून जातो आणि वस्तू त्या जागेकडे जाते. एवढ्यात भाची दारामागच्या खुंटीपाशी ओरडली, "मामा, मफलर बाहीतून सापडला!"

जाकिटाच्या उजव्या बाहीत तो आदल्या रात्री मीच कोंबला होता. आपण 'बाहीत सापडला' म्हणू. फिनिश म्हणते हिहास्ता, बाहीतून, कारण सापडणं म्हणजे तिथून हाती येणं. मी तिला दुरुस्त केलं नाही.

शनिवारी संध्याकाळी रौहानिएमीच्या सार्वजनिक सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानगृहात, गेलो. ताम्पेरे दोन तळ्यांच्या मधोमध आहे, उत्तरेला नॅसियार्वी, दक्षिणेला प्युहॅयार्वी, आणि मधून ताम्मेरकोस्कीचा प्रवाह पडतो. नॅसियार्वी गोठलं होतं. आत अंधार, लाकडाचा वास, उंच बाकांवर खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं. कोणीतरी तापलेल्या दगडांवर डावभर पाणी टाकलं आणि वाफ आधी कानांना लागली. त्या वाफेला ल्योल्यू म्हणतात. मग सौनास्ता आवान्तोओन: सौनातून बर्फात पाडलेल्या भोकात. शिडीच्या चार पायऱ्या उतरलो आणि श्वास छातीतच अडकला. पाण्यात असताना आवान्तोचं आवान्नोस्सा होतं, त चा न होतो, हे मला त्या क्षणी आठवलं, आणि ते रूप आता मी जन्मात विसरणार नाही.

परतीच्या वाटेवर बहिणीला मी कॉकेशसबद्दल सांगत होतो, तिथे जायचं माझ्या मनात बरीच वर्षं आहे. तिथल्या दागेस्तानातल्या ताबासरान भाषेत ४८ विभक्ती आहेत असं पूर्वी अभिमानाने छापलं जायचं. १९९८ साली बर्नार्ड कॉमरी आणि मारिया पोलिन्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी दाखवलं की ही मोजणीच फसवी आहे: एक तुकडा जागा सांगतो (आत, खाली, मागे), दुसरा दिशा, आणि दोन्ही जोडून रास वाढते. मला ते पटतं, कारण आपलं 'घरामागून' तसंच तर आहे. घर, मागे, ऊन. 'घराखालून', 'घरावरून' धरले तर आपल्याही किती विभक्ती होतील?

फिनिशमध्ये 'घरी' म्हणजे कोतोना. त्यातला 'ना' फार जुना स्थळाचा प्रत्यय. आता त्याला वेगळं काम लागलंय, पण घराच्या शब्दात तो टिकून आहे. आपल्या 'घरी', 'गावी', 'माहेरी'मधली 'ई' तशीच. शाळेला 'त' लागला, घराने जुनं सोडलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री राजापूरहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. भाचीने फोन पळवला.

"आजी, तू कुठे राहतेस?"

"मी कोकणात, बाळा."

"आणि मामा?"

"तो होय, तो घाटावर. साताऱ्याला."

भाचीने फोन खाली केला आणि आईकडे बघितलं. "बघ. मामा पण 'वर' राहतो."