“क्लस्टर किती?”

काय-स्क्वेअर टेस्ट, म्हणजे दोन गटांत दिसणारा फरक निव्वळ योगायोग आहे का ते तपासणारी चाचणी, शिकवायची वेळ आली की मी एक फाइल उघडते, सगळ्या ओळी कॉपी करते आणि त्याच फाइलच्या तळाशी पुन्हा चिकटवते. पाचशेच्या हजार झाल्या. टक्केवारी तीच, नवी माहिती शून्य. काय-स्क्वेअर मात्र ३.२ वरून ६.४ वर जातो आणि ३.८४ ची वेस, जिच्यापलीकडे फरक योगायोगाचा मानत नाहीत, आरामात ओलांडतो. समोरचे हसतात. मला हसू येत नाही, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं, तेही कॉपी-पेस्ट न करता.

सर्वेक्षणात ४० क्लस्टर, म्हणजे एकत्र निवडलेल्या माणसांचे गट होते, प्रत्येकात २५ माणसं. २० क्लस्टरमध्ये माहितीपत्रक वाटलं होतं, २० मध्ये नाही. पत्रक मिळालेल्या ५०० पैकी २८० जणांनी ‘हो’ म्हटलं, न मिळालेल्यांपैकी २४० जणांनी. काय-स्क्वेअर ६.४१, पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०११. मी खुशीत तक्त्यात ‘फरक योगायोगाचा नाही’ असं सांगणारा तारा लावला.

“क्लस्टर किती?” वरिष्ठ बाईंनी विचारलं.

“हजार माणसं आहेत, मॅडम.”

“ते नाही विचारलं.”

संख्याशास्त्रज्ञ पिअर्सनची १९०० सालची ही टेस्ट तक्त्यातले रकाने आणि ओळी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का ते तपासते. पण माणसं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे आधीच गृहीत धरून बसते. एका क्लस्टरमधली माणसं थोडीफार सारखी उत्तरं देतात. हा सारखेपणा, म्हणजे क्लस्टरअंतर्गत सहसंबंध, आमच्या डेटात ०.०६ निघाला. दिसायला किरकोळ. पण संख्याशास्त्रज्ञ किशचं सूत्र लावा: १ + (२५ − १) × ०.०६ = २.४४. हा डिझाइन इफेक्ट, म्हणजे क्लस्टरमुळे अनिश्चितता (व्हेरियन्स) किती पट झाली तो आकडा. ६.४१ ला त्याने भागलं की उरतात २.६३. क्लस्टर ४०च असल्याने तो आकडा कमी क्लस्टरची दखल घेणाऱ्या एफ-वितरणावर तपासायचा, पी ०.११ च्या आसपास, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेबाहेर. तारा गेला.

मी वेट (उत्तरांना लोकसंख्येतल्या वाट्यानुसार दिलेलं वजन) लावले होते, हा माझा बचाव. वेटने टक्केवारी सुधारते, क्लस्टरमुळे वाढलेली अनिश्चितता मोजली जात नाही. हा गैरसमज मला अजूनही दर दुसऱ्या अहवालात भेटतो.

पण दरवेळी २.४४ ने भागायचं असंही नाही, आणि मला खरी गंमत इथेच वाटते. पत्रक प्रत्येक क्लस्टरमधल्या निम्म्या लोकांना दिलं असतं, तर क्लस्टरचा परिणाम दोन्ही गटांवर सारखाच पडून तुलनेत बराचसा कटला असता. तेव्हा हा भाजक एकच्या जवळ येतो, क्वचित एकच्या खालीही. म्हणून संख्याशास्त्रज्ञ राव आणि स्कॉट यांनी १९८१ आणि १९८४ च्या लेखांत भाजक त्या विशिष्ट तक्त्यावरून काढला. मोठ्या तक्त्यात असे अनेक डिझाइन इफेक्ट असतात. ते फार असमान असतील तर सरासरीने भागून भागत नाही, सॅटरथ्वेटच्या पद्धतीने स्वातंत्र्यमात्राही (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे तक्त्यात मोकळेपणाने बदलू शकणारे आकडे किती) बदलावी लागते. वॉल्ड टेस्ट या दुसऱ्या चाचणीचा पर्याय आहे, पण क्लस्टर कमी आणि रकाने जास्त असले की ती बिथरते. चार बाय पाचचा तक्ता आणि १५ क्लस्टर अशा डेटावर मी तिच्या वाटेला जात नाही.

आता आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एसव्हीवायचिस्क’ (svychisq) ही आज्ञा एका ओळीत हे सगळं करतं. फक्त आधी क्लस्टरचा रकाना कोणता ते सांगावं लागतं. परवाच एक फाइल आली, आणि कुणीतरी ‘नको असलेले रकाने’ म्हणून तोच काढून टाकला होता.