किनमेन: समोर चीन, हातात मतपत्रिका

तायवानी लोकांना नेमकं काय हवंय हे समजून घ्यायचं असेल, तर राजधानी तैपेईबरोबर किनमेनही बघायला हवं. बेट तायवानच्या ताब्यात, पण तैपेई विमानाने तासाभरावर आणि चीनचं श्यामेन बोटीने अर्ध्या तासावर!

शेजारच्या लिएयू बेटावर ओहोटीच्या वेळी गेलो. शत्रूच्या होड्या लागू नयेत म्हणून रोवलेले टोकदार लोखंडी रूळ वाळूत अजून रांगेने तिरपे उभे आहेत. गंज चढलाय, बुडाशी कालवं धरलीत. समोर श्यामेनच्या उंच इमारती स्पष्ट दिसतात. २३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत तिकडून पावणेपाच लाखांच्या आसपास तोफगोळे किनमेनवर पडले. पुढे १९७९ उजाडेपर्यंत दिवसाआड मारा चालू होता. त्याच गोळ्यांच्या पोलादाच्या सुऱ्या इथले लोहार आजही घडवतात.

मी उतरलो होतो त्या घरच्या काकूंचं बालपण या माऱ्यात गेलं. त्या बोलत होत्या, तैपेईत नोकरी करणारा मुलगा मला इंग्रजीत सांगत होता. "तेव्हा रात्री तळघरात झोपायचो. आता नळाला तिकडचंच पाणी येतं. भांडण कशाला?" हे खरंच आहे; २०१८ पासून चीनच्या फूजियान प्रांतातून नळाने पाणी येतं. किनमेनचा कौलही बहुधा चीनशी जुळवून घेऊ पाहणाऱ्या क्वोमिंतांग पक्षाकडे असतो.

मी विचारलं, "मग विलीन व्हायचं?"

काकूंनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. "असं कुठं म्हटलं मी?"

मुलगा सरळ म्हणाला, "मी तायवानी. आईला विचाराल तर ती किनमेनची." दोघांची मतं वेगळी, पण 'जैसे थे' राहावं यावर एकमत.

तैपेईतलं चंगची विद्यापीठ वर्षानुवर्षं हीच नाडी तपासतंय. १९९२ साली स्वतःला फक्त चिनी म्हणवणारे सुमारे पंचवीस टक्के होते, आता दोन-तीन टक्के उरलेत. ताबडतोब विलीनीकरण मागणारे एक-दोन टक्के. ताबडतोब स्वातंत्र्य जाहीर करा म्हणणारेही थोडेच. बहुसंख्यांना आहे ते टिकवायचंय. याला कचखाऊपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. किनमेनमध्ये लष्करी कायदा १९९२ पर्यंत होता. अध्यक्ष थेट निवडायचा हक्क तायवानला १९९६ साली मिळाला. तो गमावायचा नाही आणि युद्धही ओढवून घ्यायचं नाही, हे पूर्ण विचारांती घेतलेलं धोरण आहे.

तायवानमध्ये टपाली मतदान नाही. मुलाचं नाव गावच्या यादीत, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षाच्या निवडणुकीला तो विमानाचं तिकीट काढून आला होता. काकूंनी मत एकाला दिलं, त्याने दुसऱ्याला.