तुम्ही विचारलंत म्हणून: रोमन सैनिक रोज लढायचे का?

मला रोमन इतिहासाचा नाद आहे हे कळलं की लोकांचा हा प्रश्न ठरलेला. उत्तर: नाही. बहुतेकांचे दिवस कामात आणि ठाण्यावरच्या रखवालीत जायचे.

हे मी इतकं ठासून सांगतो ते विंडोलांडाच्या भरवशावर. इंग्लंडच्या उत्तरेला, सम्राट हेड्रियनने सीमेवर बांधलेल्या भिंतीजवळ हा रोमन किल्ला आहे. तिथल्या ओल्या मातीत १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत गेल्या. बऱ्याचशा इ. स. १००च्या आसपासच्या. त्यात तुंग्रियन (आजच्या बेल्जियमकडचे लोक) तुकडीची १८ मेची हजेरी आहे. पटावर ७५२ जण, त्यातले ४५६ बाहेरगावी कामगिरीवर. उरलेल्या २९६ पैकी ३१ कामाला नालायक: १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. जखमींपेक्षा डोळेवालेच जास्त! सीमेवरची फौज आहे ही, लक्षात घ्या.

दुसऱ्या एका पट्टीत कामांची वाटणी आहे. ३४३ माणसं कारखान्यांत, त्यात १२ चांभारकामाला, १८ जण स्नानगृहाच्या बांधकामावर. शिवाय गिलावा, भट्ट्या, माती. बाकी पट्ट्यांत रजेचे अर्ज आहेत. एक अधिकारी वरिष्ठांना कळवतो की पोरांकडची बिअर संपली आहे, पाठवून द्या. गाम्बाक्स नावाच्या गड्याच्या नावावर दोन दिनारांची (रोमन चांदीची नाणी) मिरी लिहिलेली आहे; ती मिरी आपल्या मलबारातून तिथवर गेलेली.

पगाराचं विचाराल तर इजिप्तमधला इ. स. ८१चा एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा हिशेब, पाहा. सैनिकांचा पगार वर्षातून तीन हप्त्यांत व्हायचा. प्रोक्युलस नावाच्या सैनिकाच्या पहिल्या हप्त्याचे २४८ द्राख्मा (तिथलं चलन). त्यातून कापले: जेवणाचे ८०, कपड्यांचे ६०, बूट-पट्ट्यांचे १२, गवताचे १०. आणि छावणीतल्या सॅटर्नेलिया या डिसेंबरातल्या रोमन सणाचे २०. जमा राहिले ६६. म्हणजे ज्या बुटांनी सीमा राखायची तेही स्वतःच्या पैशांनी.

सणाचे २० त्याच कागदावरच्या दुसऱ्या सैनिकाकडूनही कापले आहेत, अगदी तेवढेच. वर्गणी ऐच्छिक होती असं मला तरी वाटत नाही.