गोल टोकांचा जाड मोनोस्पेस टंक : तिसरी नोंद

मागच्या नोंदीनंतर मी आखत असलेल्या टंकाची (फॉन्टची) मापे पक्की झाली. अक्षराची चौकट १००० युनिट उंचीची, प्रत्येक अक्षराची रुंदी ६०० (मोनोस्पेस म्हणजे सगळी अक्षरे सारख्याच रुंदीची), कॅपिटल अक्षरांची उंची ७०० आणि उभ्या दांड्याची जाडी १३० आहे. ६०० हा आकडा कूरियर या टंकावरून घेतला. हॉवर्ड केटलर यांनी आयबीएमच्या टाइपरायटरसाठी आखलेल्या त्या वळणाची डिजिटल आवृत्ती १२ पॉइंटला बसवली की एका इंचात बरोबर १० अक्षरे मावतात, आणि हा हिशेब मोडण्याचे मला काही कारण दिसले नाही.

टोकांना ६५ युनिट त्रिज्येचे अर्धवर्तुळ दिले, म्हणजे टोक पूर्ण गोल झाले. मात्र सर्व टोके बेसलाइनवर, म्हणजे अक्षरे ज्या रेषेवर उभी असतात तिच्यावर, अचूक टेकवल्यावर स्मॉल एन हे अक्षर सपाट बुडाच्या झेडशेजारी जमिनीपासून किंचित उचलल्यासारखे दिसू लागले. गोल टोक रेषेला एकाच बिंदूत स्पर्श करते, त्यामुळे डोळ्याला ते आखूड वाटते. शेवटी सगळी गोल टोके बेसलाइनखाली १० युनिट उतरवली आणि ओळ सरळ दिसू लागली.

बाकीचा जवळजवळ सगळा महिना स्मॉल एमने खाल्ला. दोन्ही बाजूंना २५ युनिट मोकळे सोडले, तर अक्षराला ५५० उरतात. त्यांतले ३९० तीन दांड्यांतच जातात, आणि मधल्या दोन पोकळ्यांच्या वाट्याला प्रत्येकी ८० येतात. छापील मजकुरात हे अक्षर शाईच्या डागासारखे उठून दिसत होते. दांड्यांची जाडी १०४ वर आणल्यावर पोकळ्या ११९ झाल्या, मधला पाय थोडा आखूड केला, आणि मग एम शेजाऱ्यांच्या रांगेत निमूट बसला. सगळ्या दांड्यांची जाडी सारखी, हा गोल टंकाचा पहिला नियम मी असा मोडला. आणि गंमत अशी की मोडल्यावरच ती जाडी सारखी दिसली. आय आणि एल यांची अडचण नेमकी उलट होती. ६०० युनिटांच्या खोलीत ती दोघे एकटी पडतात, म्हणून आयला खाली आडवा पाय आणि एलला उजवीकडे वळणारी शेपटी दिली.

शून्य आणि कॅपिटल ओ यांत फरक दिसावा म्हणून शून्याच्या पोटात १०० युनिटांचा ठिपका ठेवला आहे. पोकळी २४० रुंद असल्याने ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना ७० उरतात. पडद्यावर १२ पिक्सेलच्या आकारात एक पिक्सेल सुमारे ८३ युनिटांचा होतो, म्हणजे ती फट एका पिक्सेलपेक्षाही अरुंद ठरते आणि शून्य गच्च भरून जाते. दिवसभर कोड लिहिण्यासाठी हा टंक नाही, असे माझे मत आता ठाम झाले आहे. सुट्या भागांच्या ड्रॉवरवरच्या चिठ्ठ्यांवर मात्र तो शोभतो. रोधांचे (रेझिस्टरचे) आकडे एकाखाली एक नीट रांगेत येतात, आणि हातभर अंतरावरून सहज वाचता येतात.

खरी फजिती राउटरवर, म्हणजे लाकूड कोरण्याच्या यंत्रावर झाली. ३ मिलिमीटरचे बिट (कोरणारे फिरते पाते) आणि १३० युनिटांची जाडी हे गणित जुळवले की कॅपिटलची उंची सुमारे १६ मिलिमीटर येते. या मापाला अक्षर एकाच फेरीत कोरले जाते, आणि बिटच गोल असल्याने टोके आपोआप गोल होतात. पण यंत्राला डोळ्याची फसवणूक कळत नाही: १०४ युनिट म्हणजे २.४ मिलिमीटर, आणि ३ मिलिमीटरच्या बिटाने तेवढी बारीक खाच कशी पाडणार? जुना, जाड दांड्यांचा एम प्लायवर कोरून पाहिला, तर मधल्या १.८ मिलिमीटरच्या भिंतींचे टवके उडाले. आता कोरण्यासाठी वेगळी आवृत्ती करत आहे. तिच्यात बाजूची मोकळी जागा १० वर आणून पोकळ्या ९५ पर्यंत वाढवल्या आहेत.

या बाबतीत यंत्राला वाचता यावा म्हणून आखलेला ओसीआर-बी हा टंक पाहून धीर आला. एड्रियन फ्रुटिगर यांच्या १९६८ च्या या टंकाच्या मानकातही दोन रूपे आहेत. एकात जाडी सर्वत्र सारखी, आणि दुसऱ्यात छपाईसाठी जाडी कमी-जास्त केलेली. हाच टंक आपल्या पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाला दिसतो, ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळींत. पासपोर्ट हाताशी असेल, तर भिंगातून त्यातला कॅपिटल एम जरूर पाहावा.

देवनागरीची कच्ची रेखाटनेही सुरू केली आहेत. शिरोरेषेची टोके गोल ठेवली, तर दर दोन अक्षरांच्या सांध्यावर खाच पडते आणि सबंध ओळ करवतीच्या पात्यासारखी दिसते. म्हणून शिरोरेषा अक्षराच्या दोन्ही बाजूंना सपाट ठेवून शेजारच्या अक्षरावर थोडी चढवली आहे; गोल टोक फक्त शब्दाच्या आरंभी आणि अंती, संदर्भानुसार अक्षररूप बदलण्याच्या नियमाने येईल. तीन उभे दांडे असलेला ण हा आपला एमच, आणि मराठीत तो पावलोपावली भेटतो. त्याला सध्या १०४ ची जाडी दिली आहे. ‘आणि’ हा शब्द छापून पाहिला, तेव्हा ण ठीक वाटला, पण वेलांटीचा गोल त्याच्या डोक्यावर दाटीने बसला आहे. पुढच्या नोंदीपर्यंत वेलांटी.