सीप्लेन आणि बुश (रानातल्या कच्च्या पट्ट्यांवरचं उड्डाण) कोर्सची तयारी: कोर्सआधीची नोंद क्रमांक २

कॅनडात सीप्लेन रेटिंगला, म्हणजे लायसन्सवर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची परवानगी जोडायला, किमान ७ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले ५ तास प्रशिक्षकासोबत. शिवाय विमानात एकट्याने किमान ५ टेकऑफ-लँडिंग. अमेरिकेत जमिनीवरच्या विमानाचं लायसन्स असलेल्याला सीप्लेन वर्ग जोडताना तासांची किमान अट नाही, लेखी परीक्षाही नाही, फक्त प्रात्यक्षिक चाचणी. थोडक्यात, वेळ फार कमी मिळतो. म्हणून खुर्चीत बसून, पोहण्याच्या तलावात उतरून किंवा दोरी हातात घेऊन जे पक्कं करता येतं, त्यावर इंजिनाचे तास घालवायचे नाहीत. मागच्या नोंदीत टेलव्हीलचा (शेपटीखाली चाक असलेल्या विमानांचा) भाग संपला. ही नोंद मुख्यतः पाण्याची.

फ्लोट आणि पंप. हिशेब सोपा आहे. दोन्ही फ्लोट (चाकांच्या जागी विमानाला तरंगवणारे पोकळ भाग) मिळून विमानाच्या कमाल वजनाच्या १८० टक्के भार तोलतील एवढी तरण्याची क्षमता लागते. १,००० किलोच्या विमानाला प्रत्येकी ९०० किलोचा फ्लोट. आत किमान चार जलरोधक कप्पे असतात. थोडं पाणी झिरपतंच, म्हणून उड्डाणाआधी प्रत्येक कप्पा हातपंपाने उपसायचा आणि दट्ट्याचे फेरे मोजून वहीत लिहायचे. एकाच कप्प्याचा आकडा अचानक वाढला तर रिव्हेट किंवा सांधा गळतोय. पंपाला काहीच लागलं नाही तर लगेच खूश होऊ नका, कारण आतली नळी तडकली असेल तर पंप नुसती हवा ओढतो आणि पाणी तळाशी तसंच राहतं. मागच्या कप्प्यातलं २० लिटर पाणी म्हणजे शेपटीकडे टाकलेलं २० किलो वजन. असं विमान नाक वर धरून बसतं आणि स्टेपवर (वेग घेऊन पाण्याच्या वरच्या थरावरून घसरत पळण्याच्या स्थितीत) यायला कुरकुरतं.

वारा आणि टॅक्सी (पाण्यावर विमान चालवणं). सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाण्यावर ब्रेक नसतो. इंजिन सुरू झालं की विमान चालू लागतं, त्यामुळे मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा) तपासणीही चालत्या विमानातच करावी लागते. मोकळं सोडलेलं विमान आपोआप वाऱ्याकडे तोंड करतं, कारण वाऱ्याला लागणारा बाजूचा पृष्ठभाग मागच्या भागात जास्त असतो. आयडल टॅक्सीत, म्हणजे १,००० आरपीएमच्या आत आणि ६-७ नॉटपर्यंत, पाण्यातली रडर (फ्लोटच्या मागची सुकाणं) खाली ठेवून हे आवरता येतं. वारा जोराचा असेल तर वाऱ्याकडे पाठ करायला ती अपुरी पडतात. तेव्हा प्लाउ टर्न: स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) पूर्ण मागे घेऊन पॉवर द्यायची. नाक वर येतं, फ्लोटचा तरणारा भाग मागे सरकतो आणि वाऱ्याकडे वळण्याची ओढ कमी होते. प्रोपेलर कॉकपिटमधून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर डावीकडचं वळण सोपं. आधी थोडं उजवीकडे वळून झोका घ्यायचा आणि मग डावीकडे सोडायचं. हे काही सेकंदांचंच काम. या स्थितीत इंजिनाला थंड हवा पुरत नाही आणि उडणारं पाणी प्रोपेलरची धार खातं.

स्टेपवर वळताना कागदावर बाण काढून बघा. वाऱ्याच्या दिशेने पळत असताना वाऱ्याकडे तोंड करायला वळलात, तर वळणाचा बाहेर फेकणारा जोर आणि वारा दोन्ही एकाच बाजूला ढकलतात. बाहेरचा फ्लोट बुडतो आणि विमान कलंडतं. उलट दिशेच्या वळणात हे दोन जोर एकमेकांना काटतात. हा फरक पाठ नको, समजलेला हवा.

टेकऑफआधी म्हणायचं चौकडं: कार्ब हीट (कार्ब्युरेटरला दिलेली गरम हवा) बंद, पाणी मोकळं, पाण्यातली रडर वर, स्टिक मागे. स्टेपवर नाक खालीवर डोलायला लागलं तर हलकासा मागे दाब द्यायचा. दुसऱ्या झोक्यापर्यंत थांबलं नाही तर थ्रॉटल बंद, स्टिक मागे. झोक्याचा पाठलाग करत स्टिक पुढे-मागे केली की डोलणं हमखास वाढतं.

आरशासारखं पाणी. शांत पाणी सोपं वाटतं, आणि तेच फसवतं. पृष्ठभाग दिसत नाही, त्यामुळे उंचीचा अंदाज येत नाही. काठाजवळून, शेवटची ओळखीची खूण नजरेत असताना लँडिंगचा कोन आणि पॉवर बसवायची, उतरण्याचा वेग मिनिटाला १५० फुटांच्या आत ठेवायचा आणि पाणी लागेपर्यंत काही बदलायचं नाही. फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) नाही. ५० फुटांवरून या वेगाने खाली यायला २० सेकंद लागतात. ६० नॉटला तेवढ्यात ६०० मीटरहून जास्त पाणी मागे पडतं. तळं निवडताना हा आकडा आधी.

उभयचर फ्लोट (चाकंही असलेले) असतील तर चाकं खाली ठेवून पाण्यावर टेकणं म्हणजे विमान उलटणं. दर लँडिंगआधी मोठ्याने बोला: "पाण्यावर उतरतोय, चाकं वर." धावपट्टीसाठी वेगळं वाक्य.

बुडलेल्या विमानातून बाहेर. २९ नोव्हेंबर २००९ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या सॅटर्ना बेटाजवळ एक बीव्हर सीप्लेन टेकऑफनंतर पाण्यात कोसळलं. आठपैकी सहा जण गेले. त्यानंतर कॅनडाच्या अपघात तपास मंडळाने झटकन निघणारे दरवाजे-खिडक्या आणि लाइफ व्हेस्ट यांचा आग्रह धरला. सराव असा: पट्टा बांधून, डोळे मिटून दरवाजाचं हँडल दहा वेळा शोधायचं, दोन्ही बाजूंचं. एक हात कायम खुणेच्या ठिकाणी, म्हणजे दिशा कळेल अशा पक्क्या वस्तूवर. आधी बाहेर पडायची वाट उघडायची, मगच पट्टा सोडायचा. पट्टा आधी सुटला की शरीर तरंगतं आणि दिशा हरवते. हेडसेटची वायर काढायला विसरू नका. व्हेस्ट बाहेर आल्यावरच फुगवायचं, आत फुगवलं तर तेच छताला चिकटवून ठेवतं. पुस्तकी वाचनावर भागवू नका. तलावातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्या, ते कोर्सइतकंच महत्त्वाचं.

बुशचे आकडे. अनोळखी पट्टी मोजायला तिला समांतर उडत स्टॉपवॉच लावा. ६० नॉट ग्राउंड स्पीडला सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे १० सेकंदांची पट्टी साधारण ३१० मीटर. टेकऑफमध्ये निम्म्या लांबीपर्यंत उड्डाण वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थांबायचं. लँडिंगला १० टक्के जास्त वेग घेतला की लागणारी लांबी सुमारे २१ टक्क्यांनी वाढते.

खाली बघत घिरट्या घालताना होणाऱ्या स्टॉलला (पंखांची उचल तुटणं) अलास्कात "मूस स्टॉल" म्हणतात; मूस म्हणजे तिकडचं मोठं हरीण. ४५ नॉटचा स्टॉल वेग ३० अंशांच्या कलात ४८, ४५ अंशांत ५४ आणि ६० अंशांत ६४ होतो. वारा पाठीमागून आला की जमीन वेगाने सरकताना दिसते, हात नकळत वेग कमी करतो आणि पाय रडर दाबून वळण आवळतो. ही आकड्यांची पट्टी पॅनेलवर चिकटवावी. घिरट्या घालताना पुस्तक उघडायला कोणाला सवड असते?

राहिलेलं. धक्क्याला लागण्याचा हिशेब: मिक्श्चर (इंधन तोडून इंजिन बंद करणारी मूठ) कधी ओढायचं, म्हणजे विमान वाहत येऊन धक्क्यापाशी थांबेल. बोलाइन आणि क्लीट हिच या गाठी ओल्या दोरीने, डोळे मिटून. वल्हं, नांगर आणि २० मीटर दोरीची घडी हाताशी येईल अशी जागा ठरवणं.