वाटाणा, ढग आणि गोदावरीचा पूर : माझा टाइमलॅप्सचा अनुभव

टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक वेळाने एकेक फोटो काढायचा आणि ते सलग चालवून व्हिडिओ करायचा. त्याचं गणित एका ओळीत मावतं. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम दाखवतो, म्हणजे दहा सेकंदांच्या क्लिपला २५० फोटो लागतात. दर पाच सेकंदांनी एक फोटो घेतला तर एकवीस मिनिटांत काम होतं, दर मिनिटाला एक घेतला तर चार तासांच्या वर जातं. एवढं कुठल्याही व्हिडिओत पहिल्या दोन मिनिटांत सांगतात. कशाला दोन फोटोंमध्ये किती वेळाचं अंतर ठेवायचं हे कळायला मात्र मला नाशिकचा अख्खा पावसाळा आणि पुढचा हिवाळा लागला.

सुरुवात मोबाइलवर केली, आणि नव्याने करणाऱ्याला मी आजही तेच सांगतो. बटण दाबा, फोन गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवा, क्लिप तयार. आयफोनची एक खोड आहे. जितका जास्त वेळ चालू ठेवाल तितकं तो फोटोंमधलं अंतर आपणहून वाढवत जातो आणि मधले फोटो गाळतो. त्यामुळे अर्धा तास चालवा की दोन तास, क्लिप वीस ते चाळीस सेकंदांच्या आसपासच निघते. बघायला छान वाटतं, पण वेग तो ठरवतो, आपण नाही. सलग काही दिवस तेच झाल्यावर लग्नाच्या वेळी घेतलेला आणि नंतर कपाटात पडून राहिलेला डीएसएलआर बाहेर काढला. त्याच्या मेनूत इंटरव्हल शूटिंगची, म्हणजे ठरलेल्या वेळाने आपोआप फोटो घ्यायची, सोय निघाली. ज्या कॅमेऱ्यात ती नसते त्याला इंटरव्हलोमीटर नावाचा वायरवाला रिमोट लावावा लागतो.

आमच्या गच्चीवरून पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग दिसते. जुलैत त्या रांगेवर ढग आदळतात, काही वर चढतात, काही खिंडीतून खाली सांडतात. दहा सेकंदांचं अंतर ठेवलं की हे ढग वाहत नाहीत, उड्या मारतात. एका सेकंदावर आणलं की मागचे उंचावरचे ढग जागचे हलत नाहीत. तेव्हापासून मी आधी घड्याळ लावून बघतो, की एखादा ढग फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकाला जायला किती वेळ घेतो. समजा दोन मिनिटं घेतो. पडद्यावर तो पाच सेकंदांत पार व्हायला हवा असेल तर १२५ फोटो हवेत. १२० सेकंदांत १२५ फोटो, म्हणजे अंतर सेकंदभराचं. तोच ढग पंधरा मिनिटं घेत असेल तर अंतर सात सेकंदांचं. नेटवर मिळणारे तक्ते (ढगांना इतके, सूर्यास्ताला इतके, ताऱ्यांना इतके) या हिशेबापुढे मला फारसे उपयोगी वाटत नाहीत. अंजनेरीवरचा ढग आणि समुद्रावरचा ढग एका वेगाने जात नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याची अक्कल बंद करणं. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा प्रत्येक फोटोला नव्याने विचार करतो. पांढरा ढग समोर आला की एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) खाली ओढतो, काळा आला की वर. एकेकटे फोटो सगळे चांगले असतात. एकामागोमाग चालवले की क्लिप जुन्या ट्यूबलाइटसारखी फडफडते. याला फ्लिकर म्हणतात. म्हणून शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) सगळं हाताने बसवायचं. एकदा ऑटोफोकस करून घ्यायचा आणि मग तो बंद. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर लेन्सचं, हाताची थरथर सावरणारं, स्टॅबिलायझेशनही बंद.

एवढं करूनही थोडी फडफड राहते, आणि इथे बरेच जण वैतागून छंद सोडतात. लेन्सच्या आतल्या, ॲपर्चर लहान-मोठं करणाऱ्या पात्या प्रत्येक फोटोला मिटतात आणि पुन्हा उघडतात. दर वेळी अगदी त्याच जागी मिटत नाहीत, केसभर फरक पडतो, आणि तो केसभर फरक क्लिपमध्ये दिसतो. उपाय दोन. एक तर ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं, म्हणजे पात्या हलणारच नाहीत. किंवा जुन्या पद्धतीची, कडं फिरवून ॲपर्चर बसवायची लेन्स वापरायची. तिच्या पात्या एकदा लावल्या की तशाच राहतात. फिल्मच्या जमान्यातली एक ५० एमएम लेन्स मला ॲडॅप्टरसह स्वस्तात मिळाली. टाइमलॅप्ससाठी ती माझ्या झूम लेन्सपेक्षा कितीतरी शहाणी आहे.

ढगांसाठी पुढे त्र्यंबक रस्त्याला, पहिन्याच्या बाजूला जायला लागलो. वाऱ्यात ट्रायपॉड थरथरतो. त्याच्या मधल्या हुकाला सॅक अडकवायची, पण सॅक जमिनीला टेकलेली हवी. लोंबकळती ठेवली तर तीच झोके घेऊन कॅमेरा हलवते. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी आणि रबर. लेन्सवर थेंब बसला तर दोन फोटोंच्या मधल्या वेळात सुती फडक्याने टिपायचा. हे सगळं मांडून उभा होतो तेव्हा बांधावरून एक आजोबा आले. ट्रायपॉडकडे बघत म्हणाले, "साहेब, मोजणी कशाची चाललीय? रस्ता रुंद होतोय का परत?"

"नाही बाबा, ढगांचे फोटो काढतोय."

"ढगांचे?" ते हसले. "मग त्या खिंडीकडं तोंड करा की. ढग आधी तिथनं घुसतो, मग इकडं येतो."

कॅमेरा फिरवला. त्या दिवशीची ठेवण्यासारखी क्लिप तीच. जागेवर राहणाऱ्या माणसाला तिथला वारा आपल्या ॲपपेक्षा जास्त कळतो, म्हणून आता कुठेही गेलो तरी आधी चौकशी करतो. मोजणीवाला नाही हे मात्र लगेच सांगून टाकतो.

गोदावरीच्या पुराचा टाइमलॅप्स करायचं मनात होतंच. नाशिककराला पुराची पातळी आकड्यांत सांगून कळत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की एकच प्रश्न विचारतात, "मारुतीला कुठपर्यंत लागलं?" रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला पाणी, हीच आमची मोजपट्टी. टाइमलॅप्सला याहून सोयीचा विषय नाही. फ्रेमच्या मधोमध स्थिर उभी मूर्ती आणि तिच्यावर चढत जाणारं पाणी. पुलावरून करण्यात अर्थ नव्हता. गाड्या गेल्या की पूल हादरतो, आणि पोलीस थांबू देत नाहीत ते बरोबरच आहे. घाटापासून बऱ्याच उंचीवर, ओळखीतल्या एका दुकानाच्या माळ्यावर खिडकी मिळाली.

अंतर तीस सेकंदांचं ठेवलं. चार तासांचे ४८० फोटो, क्लिप एकोणीस सेकंदांची. ढगाळ दिवस असल्याने उजेड दिवसभर सारखा राहिला, तो भाग सोपा गेला. अडचण पाण्याची होती. शटर वेगवान ठेवलं तर प्रत्येक फोटोत लाटा गोठतात आणि क्लिपमध्ये नदी नुसती खवळल्यासारखी थरथरते. म्हणून लेन्सवर उजेड कमी करणारा काळसर एनडी फिल्टर चढवला आणि शटर अर्ध्या सेकंदावर आणलं. पाणी गुळगुळीत झालं, पातळी स्पष्ट दिसू लागली. संध्याकाळी उजेड उतरायला लागल्यावर मात्र हाताने बसवलेलं एक्स्पोजर चालत नाही, चित्र काळं होत जातं. तेव्हा ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) जायचं, आयएसओला वरची मर्यादा घालून ऑटो करायचं आणि होणारी फडफड नंतर सॉफ्टवेअरने काढायची. दिवस ते रात्र असा टाइमलॅप्स या छंदात सगळ्यात अवघड मानतात, आणि पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नये असं माझं मत आहे.

क्लिप बघितल्यावर जे दिसलं ते खिडकीत बसून दिसलं नव्हतं. पाणी वाढताना डोळ्यांना कळतच नाही, पण पूर बघायला आलेल्या लोकांची रांग पायरी पायरी मागे सरकत जाते. कुणी "मागे व्हा" म्हणत नसतं. नदीच्या काठाची रेष आणि माणसांची रेष दोन्ही बरोबर सरकतात.

पावसाळा संपल्यावर घरातल्या घरात काय करता येईल हे शोधत होतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे जाणं-येणं असतंच. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे करायच्या आधी कुंडीत वाटाणा पेरून तो उगवतानाची मिनिटभराची फिल्म केली. भांडवलदारांना दाखवायला. आपल्याकडच्या टाइमलॅप्सची सुरुवात इथून धरावी असं मला वाटतं. त्यांनी महिनाभर रोज एक फ्रेम घेतली असं सांगतात. हा हिशेब मला पटत नाही. त्या काळातल्या सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगाने तीस फ्रेमची फिल्म दोन सेकंदांतच संपेल. मिनिटभराच्या फिल्मला साडेनऊशेच्या वर फ्रेम लागतात, म्हणजे दिवसाला तीसेक. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यासमोर माणूस दिवसभर हजर राहिला असणार. रोज एक फ्रेमच्या गोष्टीपेक्षा मला हे जास्त भारी वाटतं.

मीही वाटाणाच घेतला. रात्रभर भिजवून प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात मातीत, कडेला चिकटून पेरला, म्हणजे मूळही दिसतं. खिडकीतला उजेड दिवसभर बदलतो, म्हणून जागा निवडली बिनखिडकीची कोठीची खोली. एक एलईडी दिवा सतत चालू. घरातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने स्वस्त एलईडी डोळ्यांना न कळेल अशी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. शटर सेकंदाच्या १/१००० ठेवलं तर एक फोटो उजळ, एक मंद. १/४ ठेवलं की ती लुकलुक त्यात मिसळून जाते. अंतर दहा मिनिटांचं. दिवसाला १४४ फोटो, आठवड्याला हजार, क्लिप चाळीस सेकंदांची. कॅमेऱ्याची बॅटरी एवढी टिकत नाही, बॅटरीच्या जागी बसणारा डमी ॲडॅप्टर घ्यावा लागतो. दिवा आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर, कारण लाइट गेली की क्लिपमध्ये तेवढं भोक पडतं.

आईचा प्रश्न वेगळा होता. "अरे, डाळीचा डबा काढायचाय मला. तुझा वाटाणा उठणार कधी?" शेवटी असं ठरलं, की दाराबाहेर उभं राहून शटरचा आवाज ऐकायचा. क्लिक झालं की पुढची नऊ मिनिटं तिची. डबा घ्यायचा, खोलीचा दिवा लावायचा नाही, टेबलाला हात लावायचा नाही. दोन दिवसांत ती माझ्यापेक्षा वक्तशीर झाली.

वाटाण्याचं आधी मूळ खाली जातं. मग कोंब येतो तो सरळ नाही, मान वाकवून. वाकलेल्या मानेने माती ढकलतो, उजेडात आला की मान सरळ करतो. दाणा जमिनीतच राहतो. त्यानंतर शेंडा नुसता वर चढत नाही, हळूहळू गोल फिरत चढतो. डार्विनने १८८० साली या फिरण्याबद्दल सविस्तर लिहिलं. फिल्मचा कॅमेरा तेव्हा नसल्याने तो काचेवर ठिपके मांडून शेंड्याची जागा नोंदवायचा. तणावे फुटल्यावर खरी मजा. तणावा हवेत चाचपडत फिरतो, काडी लागली की वेटोळं घालतो. फ्रेम लावताना वर निम्मी जागा रिकामी सोडा, आणि शिवाय थोडी जास्त. फोटो तीनास दोनच्या मापाचा असतो, व्हिडिओ सोळास नऊचा. वरखाली कापलं जाणारच असतं.

फोटो जोडणं हा सगळ्यात सोपा भाग. डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती ओळीने क्रमांक असलेले फोटो आपोआप एकच क्लिप म्हणून उघडते. फक्त कॅमेऱ्याचा फाइल क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ होतो आणि मालिका मध्येच तुटते, म्हणून आधी सगळ्यांना नवी नावं द्यावीत. फडफड काढायला एलआरटाइमलॅप्स हे सॉफ्टवेअर. फोरके व्हिडिओला आठ मेगापिक्सेल पुरतात, तेव्हा झाडापानांसाठी रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाइल्स) काढून हार्ड डिस्क भरण्यात अर्थ नाही. सूर्यास्ताला मात्र रॉच.

पैशाचं म्हणाल तर जड ट्रायपॉडवर खर्च करा, कॅमेरा सरकवणाऱ्या स्लायडरवर सध्या नको. जुना डीएसएलआर चालतो, पण त्याच्या शटरचं आयुष्य साधारण लाखभर फोटोंचं असतं आणि एकेक क्लिप त्यातले हजार खाते. विकत घेताना शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत ते, विचारूनच घ्या.

पुढचा बेत दिंडोरीला मामांच्या बागेत आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) द्राक्षाचे डोळे फुटताना घ्यायचे. उघड्यावर असल्याने ऊन, वारा, रात्र सगळंच सांभाळावं लागेल. मामा म्हणाले, "लाव की कॅमेरा, पण फवारणीच्या दिवशी काढून ने बाबा, ते औषध त्याच्यावर उडालं तर मला बोलू नको." काढून पुन्हा केसभरही न हलता त्याच जागी बसवायचा म्हणजे ट्रायपॉड कामाचा नाही. मांडवाच्या एका लोखंडी अँगलला पट्टी वेल्ड करून घ्यायचं ठरलंय. वेल्डर मामांच्याच गावचा आहे, छाटणीच्या आधी येतो म्हणालाय.